दर्यासरांचे उलटे घोडे

आमचे दर्यासर वरण ढवळू द्यायचे नाहीत. मेसमधी वाढपी आला, त्यानं बादलीत डाव घातला, की सर त्याचं मनगटच धरायचे. "ढवळू नको. वरचं पाणी हळूच एका कडेला सार. दुसऱ्या कडेनं डाळ आपोआप वर येती." वाढपी आधी हसायचा, मग वैतागला, आणि शेवटी शेवटी तर सर दिसले की बादली त्यांच्यापुढं ठेवून लांब जाऊन उभा राहायचा. सर डाव आडवा धरून पाणी सारत बसायचे, मागं रांग तुंबायची, आणि खरं सांगते, कधीकधी यायची डाळ वर. थोडीशीच. त्या चार दाण्यांकडं सर असं बघायचे जशी लेक बोर्डात आली.

क्रांती चौकाजवळ सीट कव्हरच्या दुकानावर एक खोली होती, तिथं सर स्पर्धा परीक्षेचा भूगोल शिकवायचे. मी फुलंब्रीहून रोज काळीपिवळीनं यायची. अभ्यासक्रम लई मोठा, पण सर पहिल्याच आठवड्यात अरबी समुद्रात उतरले ते बाहेर आलेच नाहीत. पावसाळ्यात वारा किनाऱ्याला घासून वाहतो. पृथ्वी फिरती, म्हणून वरचं पाणी वाऱ्यामागं सरळ न जाता उजवीकडं सरकतं, किनाऱ्यापासून लांब. जागा मोकळी झाली की खालचं गार पाणी वर येतं, आणि त्यात खालीच साचून राहिलेलं खत असतं. खताला ऊन भेटलं की डोळ्याला न दिसणारी हिरवळ माजते, ती खायला बारीक किडे, किडे खायला तारली, बांगडे असले मासे. सर म्हणायचे, "तळाला खत, वर ऊन. दोघांची गाठ घालून देणारा वारा. सोयरिकीतला मधला माणूस समजा." हे ऐकायला मला इतकं भारी वाटायचं की महाराष्ट्रातल्या नद्या राहिल्यात हे लक्षातच यायचं नाही. बाकीच्यांच्या यायचं. ते समोरच्या क्लासला गेले, तिथं नद्या शिकवत होते.

धुराचं तर विचारूच नका. एकदा सर आमच्या काळीपिवळीत बसून फुलंब्रीला आले होते. उतरल्यावर गाडीनं जो काळा धूर सोडला, त्याला सगळे नाक दाबून शिव्या देत होते आणि सर हात हलवत होते. "जा बाबा, नीट जा." मी विचारलं तर म्हणाले, यातला थोडा कुठंतरी समुद्रावर, पार सोमालियाजवळ जाईल, ती हिरवळ त्याला खाईल, हिरवळ मरेल, किड्यांची लेंडकं होतील आणि ते सगळं भुरभुरत खाली जाईल, अंधारात, तळाला. फुलंब्रीचा धूर सोमालियाजवळ बुडणार म्हणून मी घरी सांगितलं, तर आईनं माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला. पण सर खोटं बोलायचे नाहीत हां. लगेच पुढं म्हणायचे, "वर येणारं गार पाणी जुना धूरपण घेऊन येतं. किती आला अन् किती बुडला, लई किचकट हाय ते."

आणि हे सर माळकरी. अंडंसुद्धा नाही. तरी दर रविवारी मच्छीबाजारात जायचे आणि शकीलभाईच्या पाटीपुढं उकिडवं बसून बांगड्याचं पोट न्याहाळायचे. यंदा भरलेत का, मागच्यापेक्षा बारीक का, पिशवीत काही नाही, खिशात हात नाही. शकीलभाईला बरेच दिवस वाटलं हा सरकारी माणूस आहे, तो त्यांना लिंबू सरबत पाजायचा. नंतर कळलं तरी पाजत राहिला. म्हणायचा, "मास्टर खरीदते नय, खाते नय, आते और मच्छी की तबीयत पूछ के जाते."

आता खरी गोष्ट. सरांनी समुद्र बघितलेलाच नव्हता. कधीच नाही. मी एकदा विचारलंच, तर शांतपणे म्हणाले, "बघितलं की माणसाचं मत बनतं."

सरांचं गाव देवगाव रंगारी. तिथं मोठे भाऊ, आप्पा. धोतर, टोपी, बोलणं कमी. शेत तेच बघायचे, सरांना ज्वारी, खोलीभाडं, सगळं तेच द्यायचे. नवरात्राच्या आधी आप्पा क्लासवर आले, बाकावर आम्ही चारच जण दिसलो, आणि ते फळ्यावरचा समुद्र बराच वेळ बघत बसले. मग म्हणाले, "भाऊ, जे मला दिसत नाय, तुला दिसलं नाय, ते तू या लेकरांना शिकवतो. दसऱ्याच्या आत मला डोळ्यानं दाखव. नायतर खोली सोड अन् कापूस वेचायला घरी चल."

सरांनी टबाचा हिशेब मांडला. पाणी, वारा, किनारा, सगळं एका टबात करता येत होतं, पण पृथ्वी कुठून फिरवायची? पृथ्वी फिरल्याशिवाय पाणी उजवीकडं सरकणार नाही. हे दुःख सर रविवारी शकीलभाईला सांगत बसले, आणि शकीलभाई म्हणाला, माझ्या साडूची घोड्यांची चक्री आहे, कर्णपुऱ्याच्या जत्रेत लागलीय, दुपारी रिकामीच असते.

तर असं झालं. भर दुपारी, जत्रा सुस्तावलेली, आणि चक्रीवर दोन घोड्यांच्या मधी दोरखंडानं बांधलेला प्लास्टिकचा टब. टबात प्लायवूडचा किनारा उभा. तळाशी सरांनी नळी घालून बर्फाचं खारं पाणी सोडलं, नीळ टाकलेलं, ते जड म्हणून खालीच बसलं, वर साधं पाणी. वारा म्हणजे मी. पंख्याची वायर चक्रीत गुंडाळली जाणार म्हणून मला सूप देऊन घोड्यावर बसवलं होतं. किनाऱ्याला समांतर वारा घाल, आडवा घालू नको, असं सरांनी बजावलं होतं. आणि टबात बघता यावं म्हणून शेजारच्या गुलाबी घोड्यावर आप्पा. एका हातानं टोपी, दुसऱ्या हातानं घोड्याचा कान.

चाचांनी, म्हणजे शकीलभाईच्या साडूनं, चक्री हळू सोडली. मी सूप हलवतेय, डोकं गरगरतंय, थोडं पाणी आप्पांच्या धोतरावर. आणि खरंच, टबाच्या एका कडेला निळं वर यायला लागलं. धुपाचा धूर निघतो ना, तसं. आप्पा वाकले. त्यांच्या तोंडावर काहीतरी हललं. "आलं की रं," म्हणाले.

संपलं होतं हो सगळं. सर जिंकले होते, खोली राहिली होती. आणि सर चक्रीसोबत पळत पळत ओरडले, "थांबवा. चुकलं."

निळं आलं होतं समोरच्या कडेला. किनाऱ्यापाशी नाही. कारण चक्री फिरत होती घड्याळाच्या काट्यांसारखी.

आप्पा म्हणाले, आलं ना वर, मग झालं. सर म्हणाले, "आप्पा, हा दक्षिण गोलार्ध झाला. आपला नाय हा. मी तुम्हाला दुसऱ्याचा समुद्र दाखवू का?" मग चाचांकडं वळले, घोडे उलटे चालवा म्हणून. चाचा म्हणाले, "मास्टर, घोडे आगे कू जाते. पीछे कू मैं ने नय देखा." शकीलभाईनं त्यांना बाजूला नेऊन काय सांगितलं देव जाणे, बहुतेक फुकट मच्छी कबूल केली असेल, पण चाचांनी मोटारीच्या दोन वायरी अदलाबदल केल्या.

आणि घोडे शेपटाकडून निघाले. मागच्या घोड्यावरचं एक लेकरू रडायला लागलं, त्याची आई चाचांना बोलायला लागली, उसाच्या रसवाल्यानं घुंगरं थांबवली, बघ्यांची रांग लागली. सर उलट्या पृथ्वीबरोबर, म्हणजे आता सुलट्या, पळत होते. टबात नवं निळं सोडलं होतं पण बर्फ संपत आलेला, त्यामुळं रंग फिकट. मला काहीच दिसेना. सरांनाही दिसत नसावं, कारण ते पळता पळता सारखे टबात डोकावत होते. मी नुसती सूप हलवत राहिले.

आप्पांनी घोड्याचा कान सोडला. बोट किनाऱ्यापाशी बुडवलं. मग पलीकडच्या कडेला बुडवलं. मग पुन्हा किनाऱ्यापाशी.

"इथं गार हाय," म्हणाले. "तिथं नाय."

चक्री थांबल्यावर आप्पा उतरले आणि लगेच खालीच बसले, कारण जमीन फिरत होती. बसूनच म्हणाले, "भाऊ, तुझं खरं हाय. आता खोली सोड."

सरांचा चेहरा बघवेना. आप्पा धोतर पिळत पुढं म्हणाले, "घरी नको येऊ. जिथलं हाय तिथं जाऊन बोट बुडव. कापूस मी वेचतो."

दसरा झाला आणि सर समुद्राकडं निघाले. सोनं द्यायला आम्ही चौघं बसस्टँडवर गेलो होतो, शकीलभाई सरबताची बाटली घेऊन आला होता, गाडी लागली तरी सर त्याला यंदाच्या बांगड्याचंच विचारत होते. दोन दिवसांनी व्हॉट्सॲपवर आवाज आला. आधी नुसतीच खरखर, मग सर. "सगळं बरोबर हाय. पण हा आवाज लई करतो. हे मी तुम्हाला शिकवलंच नाय."

ते परत आलेच नाहीत. खाली मालवणकडं एका गावात शाळेत लागलेत. मी पुढं नद्या पाठ करून पास झाले, पण वरण अजून ढवळत नाही, आणि आई अजून ताप बघते.

मागच्या उन्हाळ्यात सरांचा फोन आला. तिथल्या पोरांना पठार शिकवतोय, त्यांनी आपली काळी माती बघितलेलीच नाही, आप्पांना सांग एक पोतं पाठवा. पण भेगा पडलेली पाठवा. भेगा मोडता कामा नयेत.

मी म्हटलं सर, भेग कशी पाठवतात.

देवगावला गेले तर आप्पा रानात उकिडवे बसले होते, शेजारी टोमॅटोची क्रेट आणि भुसा. एका भेगेच्या दोन्ही बाजूंची ढेकळं अलगद उचलून, मधलं अंतर तसंच ठेवून ते क्रेटमधी मांडत होते. मी हात लावायला गेले तर म्हणाले, "हलवू नको. हा उत्तर गोलार्ध हाय."