हलकं लागलेलं डोकं

डॉक्टरांनी मला फसवले आणि मी आईला.

परवा नात मेडिकल कॉलेजातून आली. तिच्या एप्रनला मृत अवयव टिकवायच्या फॉर्मलिनचा वास होता, आणि मला पासष्ट साली मुंबईच्या इस्पितळात वारलेला धाकटा भाऊ आठवला. त्याच्या मेंदूत गाठ होती. "गाठीतल्या बारीक रक्तवाहिन्या निरोगी भागातल्या वाहिन्यांशी ताडून बघायच्यात. मेंदू ठेवू द्या," डॉक्टर म्हणाले. मी मिठाचा व्यापारी, तिथेही घासाघीस केली. त्याला पनवेलला घरी न्यायला गाडी द्या आणि काय दिसले ते कळवा. ते कबूल झाले, मी सही केली. आईला विचारलेसुद्धा नाही.

अंगणात आंघोळ घालताना तिने त्याचे पट्टी बांधलेले डोके मांडीवर घेतले आणि थबकली.

"डोकं हलकं का लागतंय रं?"

"दुखणं गेलं ना, आय."

"बरं झालं," म्हणत तिने पदराने त्याचे तोंड पुसले.

गाडी मिळाली, उत्तर मिळाले नाही. इस्पितळात खेटे घातले, भांडलो. आईला मात्र शेवटपर्यंत खरे सांगितले नाही. डॉक्टर, हयात असाल तर बोला, त्या वाहिन्यांत काय दिसले? मलाही आता आईपुढे जायचे आहे. तिथे मी काय सांगू?