नैराश्य कोणत्या विषयात हाय?

शाळेत समुपदेशक म्हणून फिरणाऱ्या बाईकडे किस्से लय साचतात. चार जणांत सांगायला बसलं की पहिले दोन-तीन हसण्यावारी जातात, मग हातातला चहा गार होतो. ऐका तर.

*

अमरावतीच्या एका शाळेत मी दर बुधवारी जाते. खोली मिळाली ती खेळाच्या सामानाची. पोरं काही फिरकेनात. एकदा वर्गावरून जाताना सरांचा आवाज ऐकला, "चूप बसा, नाहीतर बुधवारच्या बाईकडे पाठवीन." झालं! छडी बंद झाली अन् तिच्या जागेवर मी लागले.

*

एकच पोरगी आपणहून यायची. नववीतली अंजू, भातकुलीहून एसटीनं येणारी. "मॅडम, बॉलात हवा भरू?" म्हणायची आणि मधली सुट्टीभर पंप घेऊन कोपऱ्यात बसायची. कसं चाललंय विचारलं की "बरं हाय."

पोरीला खेळाचा भारी नाद, असं मी पीटीच्या सरांना सांगितलं. ते म्हणाले, "अंजू? ते तं मैदानावर येतच नाही." आम्ही दोघं हसलो. त्या हसण्याची आता लाज वाटते.

*

मग वरून छापील फॉर्म आला. पहिलाच प्रश्न, 'तुम्हाला नैराश्य जाणवते का?' मागच्या बाकावरून हात वर. "मॅडम, नैराश्य कोणत्या विषयात हाय?"

मी म्हटलं, "माहीत नसेल तर 'नाही'वर खूण करा." जीभ कशी झडली नाही माझी.

*

सगळ्यांनी 'नाही' केलं. मुख्याध्यापक खूश. फळ्यावर लिहिलं, 'आपली शाळा नैराश्यमुक्त'. मला शाल-नारळ. मी घेतलाही.

त्या बुधवारी अंजू पंप सोडून माझ्याकडेच बघत होती. "काय गं?" "काई नाही," म्हणाली.

*

दिवाळीनंतर अंजू आलीच नाही. चार बुधवार गेले, तेव्हा कुठे मी फॉर्मचा गठ्ठा सोडून वाचायला घेतला. खुणा मोजल्या होत्या, वाचलं काहीच नव्हतं. अंजूची खूणही 'नाही'वरच. शेजारी पेन्सिलीनं बारीक अक्षरात, 'नैराश्य नाही. फक्त करमत नाही. ताई वारली तवापासून.'

करमत नाही. माझ्या आईचा रोजचा शब्द. मी तो कॉलेजात विसरून आले होते.

*

दुसऱ्या दिवशी भातकुली गाठली. तिची आई दारातच म्हणाली, "काई झालं नाही तिले. घरीच बसून रायते."

आत अंजू सुपात तूर निवडत होती. मी शेजारी खाली बसले. "अंजू, करमते का वं?"

तिनं मान वर केली नाही. "कागद वाचला तुमी?"

"काल वाचला."

"मी तं दर बुधवारी वाट पायली, मॅडम."

मी सुपातले खडे वेचू लागले. मग तिनंच विचारलं, "बॉलात आता हवा कोन भरते?"

"कोणीच नाही."

"मंग बसले असतीन सारे बॉल," ती म्हणाली आणि पुन्हा तूर निवडू लागली.