घंगाळाला बांधलेली चिठ्ठी

वेल्ह्याच्या ठाण्यातली ती दुपार अजून माझ्या डोक्यातून जात नाही. मुद्देमालाच्या खोलीत एक तांब्याचं घंगाळ, कोठडीत एक माणूस आणि या दोहोंच्या मधे येरझाऱ्या घालणारा मी.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. मी तिथं फौजदार होतो. मार्गासनीच्या एका शेतकऱ्याच्या घरी लग्न झालं, पाहुणे पांगले आणि परसातलं घंगाळ नाहीसं झालं. घरधनिणीच्या माहेरचं आंदण, त्यामुळे बाईंनी अन्नपाणी सोडलं. फिर्यादीत वर्णन एवढंच, 'तांब्याचे घंगाळ एक, काठावर नाव.' दुसऱ्याच दिवशी फिर्यादीचा पुतण्या खबर घेऊन आला. गावच्या बौद्धवाड्यात एका घरी तसंच घंगाळ आहे आणि त्याच्यावरचं नाव खरवडलेलं आहे.

पंचांसमक्ष झडती झाली. काठावरची अख्खी ओळ कानशीनं घासून काढलेली. हवालदारांना एवढं पुरलं. त्यांनी पंचनामा केला, माणसाला आत घातलं आणि घंगाळाच्या कडीला सुतळीनं चिठ्ठी बांधली, 'चोरीचे घंगाळ, नाव खरवडलेले.' दुसऱ्या दिवशी कोर्टापुढे उभं करायचं होतं.

मला मात्र चैन पडेना. ते घंगाळ दारातच, चुलवणाशेजारी, पाण्यानं भरलेलं सापडलं होतं. चोरीचा माल कोणी दारात मांडून ठेवत नाही. माणूस रस्त्याच्या कामावर रोजंदारीनं होता. त्याला कायम करण्याचा हुकूम यायचा होता. चोरीचा गुन्हा लागला की तो हुकूम गेला, हे त्यालाही कळत होतं आणि मलाही.

मी त्याला समोर बसवलं. "नाव का घासलं?"

"आमचं भांडं हाय, सायेब. आमी घासलं."

"कशासाठी?"

हवालदार दरडावून झाले, मी समजावून झालो, तो बोलेना. मला त्याचा रागही आला आणि स्वतःचाही. माणूस खोटं बोलताना पुष्कळ बोलतो, हा माझा अनुभव. हा तर तोंडच उघडत नव्हता.

तेवढ्यात त्याची बायको भाकरी घेऊन आली. भांड्याचं अंगांग ते घासणाऱ्याला माहीत असतं, हे मला तेव्हा सुचलं. घंगाळ आतच ठेवून मी तिला खुणा विचारल्या.

"बुडाला डाख हाय, साहेब. आतनं दिसत न्हाई, पर पानी तापलं की ठिबाकतं. कड्या दोनीबी पितळंच्या."

शिपाई पाठवून फिर्यादीच्या बायकोला बोलावून घेतलं आणि तिलाही तसंच विचारलं. डोळे पुसत ती म्हणाली, "बूड चांगलं हाय. पर डावी कडी लोखंडाची. पितळंची तुटली तवा सासऱ्यांनी बसवून आणली व्हती."

मी खोलीत जाऊन घंगाळ उपडं केलं. बुडाच्या भोकावर डाख लावलेला होता. दोन्ही कड्या पितळेच्या. मला एकदम हलकं वाटलं आणि लगेच नवी घाई लागली. फिर्यादीच्या बायकोनं सांगितलेलं वर्णन शब्दशः कागदावर उतरवून शिपायाला भोरच्या आणि किकवीच्या बाजारात पिटाळलं. किकवीत हमरस्त्यावरच्या एका हॉटेलात लोखंडी कडीचं घंगाळ मिळालं. काठावर फिर्यादीचं नाव ठळक होतं. चोरानं ते खरवडायची तसदीसुद्धा घेतली नव्हती. विकणारा कोण, तर खबर आणणारा पुतण्या. ठाण्यात आणल्यावर एका दमात कबूल झाला.

कोठडी उघडून मी त्या माणसाला खुर्ची दिली आणि सगळ्यांना बाहेर काढलं. "आता तरी सांगा."

"वडील पलटणीतनं पेन्शनीवर आलं तवा भोरच्या पेठंतनं घेतलेलं," तो म्हणाला. "कासारानं न इचारता नाव कोरलं. अरे-तुरेचं. आन फुडं जात. दीक्षा घेतली त्या वर्साला म्या समदी वळच काढली. हे हवालदारांम्होरं कसं सांगू? हसलं असतं."

मी मुद्देमालाची खोली उघडायला सांगितली.

घंगाळ परत देताना नवरा-बायको दोघंही उभी होती. त्यानं घंगाळाला हात लावला नाही. "आदी ती चिठ्ठी काडा."

मी 'चोरीचे' हा शब्द खोडला आणि पेन तसंच धरून विचारलं, "काय लिहू?"

"कायबी नगं," तो म्हणाला. "आमच्या भांड्यावर आजवर दुसऱ्यांनीच लिवलं."

त्यानं स्वतः सुतळी सोडली आणि चिठ्ठी माझ्या टेबलावर ठेवली. बाईनं घंगाळ डोक्यावर घेतलं आणि दोघं एसटीच्या थांब्याकडे गेली.

त्यानंतर माझ्या ठाण्यात मुद्देमालाच्या चिठ्ठीवर डोळ्याला दिसेल तेवढंच लिहायचं, असा दंडक मी घातला. कडी कशाची, डाख कुठं, पोचा कुठं. चोरीचं की नाही ते कोर्ट सांगेल. शिपाई कुरकुरत, पण लिहीत.

पुढे माझ्या मुलीच्या लग्नात भांड्यांवर नावं घालायची निघाली. कासारानं हत्यार हातात घेऊन मला विचारलं, काय घालू? शेजारी माझी मुलगी उभी होती.

मी म्हटलं, तिला विचारा.