विहीणबाईंच्या बेटावर भिमाबाईंचा झिरा

आमच्या शेजारच्या भिमाबाईंनी पाटोद्याहून समुद्रातल्या बेटावर वीस लिटर पाण्याचा जार नेला, हे मी गल्लीत सांगितलं तेव्हा कुणाचा विश्वास बसेना. पण एसटीत तो जार माझ्याच पायांवर होता. करंगळी अजून ठणकते.

त्यामागं चार वर्षांचं जुनं दुखणं. त्यांच्या मुलीनं, चैतालीनं, किनाऱ्याकडच्या संजयशी लग्न केलं. दोघं एकाच बँकेत. लग्न पाटोद्यात, ऐन मे महिन्यात. त्या दिवशी टँकर आलाच नाही आणि वऱ्हाडाला आंघोळीला माणशी अर्धी बादली मिळाली. विहीणबाईंनी बादलीत वाकून बघितलं न् म्हणाल्या, "ह्यात हात धुवायचे की आंघोळ करायची?" मांडव हसला. मीही हसले, खोटं कशाला बोलू? भिमाबाई मात्र तेव्हापासून ते वाक्य पदराला गाठ मारून हिंडत होत्या.

आता चैतालीला मुलगी झाली आणि बारसं ठरलं बेटावर. निघालो तिघं: भिमाबाई, त्यांचे यजमान निवृत्तीदादा, आणि "सोबत पाहिजे ना" म्हणून मी. खरं म्हणजे मला ताजे मासे खायचे होते.

बेट म्हणजे समुद्र आणि खाडी यांच्या मधोमध आडवी पडलेली वाळूची पट्टी. पुढच्या दारात लाटा, मागच्या दारात होड्या. सत्तरेक घरं आणि सुरूची झाडं. खाडी ओलांडताना निवृत्तीदादा डोळे मिटून जाराला मिठी मारून बसले. भिमाबाई मात्र होडीतून वाकून वाकून बघत होत्या. मला म्हणाल्या, "एवढं पाणी, दीपमाला, अन् घोटभर प्यायच्या कामाचं न्हाई!"

दारात विहीणबाईंनी जाराकडं बोट दाखवलं. "हे काय हो?"

"आमची अर्धी बादली," भिमाबाई म्हणाल्या आणि आत गेल्या.

बारशाच्या सकाळी वारा सुटला. बेटावर प्यायचं पाणी पलीकडून होडीनं येतं. त्या वाऱ्यात होडी निघेना. टाकीत तळ दिसत होता, जार चहातच संपलेला, आणि जेवायला नव्वद माणसं. बेटावर एक बोअर होता, पण त्याचं पाणी खारट. विहीणबाई उंबऱ्यावर बसल्या. "बारसं पुढं ढकला. लोकांना काय समुद्र पाजू?"

पाळण्याजवळ चैतालीचे डोळे भरले. मी इकडं पाय पसरून नीट बसले. म्हटलं, आता भिमाबाई गाठ सोडतात! त्यांनी विहिणीकडं बघितलं, नातीकडं बघितलं, पदर खोचला.

"फावडं हाय का घरात?"

वाळूच्या उंचवट्यामागं एक सखल जागा होती, गवतानं हिरवी झालेली. तिथं त्या खड्डा करायला लागल्या. कोरड्या मांजरा नदीच्या वाळूत आमच्या बायका असाच झिरा काढतात. वाळू उपसायची, पाणी झिरपू द्यायचं, मग वाटीवाटीनं भरायचं.

"समुद्राच्या काठाला गोडं पाणी?" विहीणबाई हसल्या. "अहो, आमचा बोअरसुद्धा खारट!"

"एवढं खोल गेलात कावून? पावसाचं पाणी वाळूत वरच्यावर बसतंय."

दीड हातावर ओल, दोन हातांवर पाणी. विहीणबाईंनी वाटी तोंडाला लावली आणि त्यांच्या भुवया थेट कपाळावर गेल्या. गोड! आम्ही सगळ्याजणी हंडे आणायला पळालो.

तिथंच चुकलो. झिऱ्यापाशी एकटे राहिले निवृत्तीदादा. तीस वर्षं ते बोअरच्या गाडीवर होते. 'अजून पन्नास फूट जाऊ द्या' म्हणण्यात त्यांची हयात गेली. दोन हातांवर थांबणं त्यांच्या रक्तात नाही. आम्ही परतलो तर दादा खड्ड्यात कंबरभर पाण्यात उभे, चेहरा नवरदेवासारखा.

"बघा, किती लागलं!"

विहीणबाईंनी ओंजळ भरून चाखली आणि थू करून टाकली. नुसतं मीठ! दादा खोदत खोदत खालच्या खाऱ्या पाण्याला भिडले होते.

"आवं, लोकायच्या जमिनीला भोकं पाडून मन भरलं न्हाई, आता नातीच्या बारशालाबी पाडता?" भिमाबाईंनी फावडं हिसकावलं. "परत हात लावला तर एकट्याला होडीत बसवीन!"

दादा जे सुरूच्या झाडाखाली गेले, ते जेवणापर्यंत हलले नाहीत.

मग लांब सरकून तीन नवे झिरे काढले, दोन हातांचेच. बातमी कळताच सगळं बेट हंडे घेऊन रांगेत लागलं. भिमाबाई कमरेवर हात ठेवून उभ्या, पाटोद्यात टँकरपाशी उभ्या राहतात तशा. विहीणबाई दोन हंडे घेऊन मधेच घुसल्या.

"एका घराला एका वेळी एक हंडा. मागं व्हा!"

"अहो, कार्य माझ्याच घरचं!"

"म्हणून तर रांगेत. घरच्यांनीच मोडली तर लोक काय करतील?"

विहीणबाई हंडे घेऊन रांगेच्या शेवटी गेल्या. मी पदर तोंडात कोंबला.

पाणी उकळलं, भात शिजला, माशाचं कालवण झालं. पोरीचं नाव सायली ठेवलं आणि नव्वद माणसं ढेकर देत घरी गेली. मी कालवण तीनदा घेतलं, मोजलं कुणी?

दुपारी विहीणबाई स्वतः बादली उचलून भिमाबाईंपुढं आल्या. काठोकाठ भरलेली, हिंदकळत होती. "घ्या विहीणबाई, आंघोळ करा. दमलात."

भिमाबाई बादलीवर वाकल्या. अगदी तशाच, चार वर्षांपूर्वी विहीणबाई वाकल्या होत्या तशा.

"ह्यात आंघोळ करायची का पोहायचं?"

विहीणबाईंना हसता हसता खाली बसावं लागलं. आणि बादली लवंडली, निम्मी वाळूत गेली.

"ऱ्हाऊ द्या," भिमाबाई म्हणाल्या, "अर्धीत भागतंय मला."