गुरुदत्तशेठची ओवाळणी

माणसानं लुबाडावं, पण बहीण म्हणून लुबाडू नये. आमच्या देवकाताईचं असंच झालं. आजही आठवलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

पनवेलजवळच्या एका गोळ्या-औषधांच्या कारखान्यात आम्ही बायका रोजावर पॅकिंगला होतो. देवकाताई जवळच्या आपटा गावाहून यायची. तिचा एकुलता एक भाऊ लहानपणीच वारला होता. आमच्याकडे रीत अशी, की भाऊबीजेला सुट्टी असली तरी आम्ही नटूनथटून कारखान्यात जायचं, मालक गुरुदत्तशेठ पाटावर बसायचे आणि आम्ही त्यांना ओवाळायचो. ते प्रत्येकीच्या तबकात पाकीट टाकायचे. पहिला मान देवकाताईचा. ती शेठसाठी घरून करंज्या आणायची. पाकिटातल्या पैशांतून लुगडं घ्यायची आणि कुणी विचारलं की ठसक्यात सांगायची, "भावानं घेतलंय."

ब्याण्णव साली पुरुषांना बोनस मिळाला, आम्हाला ठेंगा! मी म्हटलं, तक्रार करू या. तर ताई माझ्यावरच उखडली.

"नीता, भावाकडं कोन हक्क मागतं का गो?"

आम्ही तिच्याशिवाय तक्रार केली. दिवाळीआधी लेबर ऑफिसचे साहेब आले. शेठ हसत म्हणाले, "बायकांना बोनस नाही असं कोण म्हणतं? दर भाऊबीजेला माझ्या हातानं देतो. हिलाच विचारा. काय गं देवका, देतो ना मी पैसे?"

"देता... पन ती तं ओवाळनी."

"तोच बोनस, साहेब. नुसता नावाचा फरक."

साहेबांनी मान डोलावली, चहा घेतला आणि गेले. झालं, तक्रार मिटली. मेल्यानं तिच्याच तोंडून आमचा सगळ्यांचा गळा कापला!

दुसऱ्या दिवसापासून बायका टोमणे मारायला लागल्या, "आली बघा शेठची बहीण." ताई खाली मान घालून काम करायची. एकदा डबा खाताना मला म्हणाली, "बोनस नाय दिला तरी चाललं असतं गो. माजा भाऊ कशाला नेला?"

भाऊबीजेला ती आली, पण रिकाम्या हातानं. शेठ पाटावर बसलेले.

"देवका, तबक कुठंय?"

"बोनस हाय ना, शेठ? मंग सही कुठं करू, सांगा."

"अगं, सणासुदीचं काय हे..." शेठ पुटपुटले आणि पाकीट पुढं केलं. ताईनं ते उचललं आणि नमस्कार न करताच बाहेर पडली.

मला काही राहवेना. मी तिच्याबरोबर आपट्याला गेले. संध्याकाळी बिजेची कोर दिसली तशी ती निरांजन घेऊन अंगणात आली आणि तिनं चंद्राला ओवाळलं. भाऊ नसलेल्या बायका ओवाळतात तसं.

मग डोळे पुसत म्हणाली, "ह्यो भाऊ बरा. पैशे देत नाय."