धाकटीचे पांढरे केस

माझी बहीण माझ्याहून चार वर्षांनी लहान आहे. हे वाक्य अलीकडे मला सारखं कुणाला ना कुणाला सांगावं लागतं. ऐकणारा आधी तिच्याकडे बघतो, मग माझ्याकडे, आणि मग विषय बदलतो. परभणीच्या स्टँडवर कंडक्टर तिला "आजी, इथं बसा" म्हणतो आणि मला "ताई, जरा सरका." दवाखान्यात केसपेपर काढणाऱ्या मुलीनं मला सरळ विचारलं होतं, "पेशंट तुमच्या आई का?" मी त्या मुलीवर एवढी डाफरले की बहिणीनंच माझा हात धरून मला बाकावर बसवलं. ती स्वतः हसत होती. माझ्या नाकावर राग आणि तिच्या ओठावर हसू, हे आमचं लहानपणापासूनचं आहे.

आमच्या घरात दोन रंग होते. वडील काळे, आई गोरी. मी वडिलांवर गेले, ती आईवर. घारे डोळे, भुरे केस, आणि उन्हात उभी राहिली की कानाच्या पाळ्या गुलाबी दिसायच्या. मला आमची एक चुलत आत्या 'तव्याचं बूड' म्हणायची. प्रेमानं म्हणते, असं आई सांगायची. ते प्रेम मला कधी दिसलं नाही.

मला बघायला पाहुणे यायचे तेव्हा धाकटीला शेजारच्या घरी पाठवून देत. ती दिसली तर पाहुणे तिलाच मागतील, ही धास्ती. दोनदा तसं झालंही होतं. तिला जायचं नसायचं म्हणून ती रडायची, मला बसायचं नसायचं म्हणून मी फणफणायचे, आणि आई दोघींवर वैतागायची. शेवटी कंटाळून घरच्यांनी आधी तिचंच लग्न केलं. वालूरचं मोठं शेतीवाडीचं घर होतं. गोरी सून पाहिजे म्हणून त्यांनी आपण होऊन मागणी घातली होती. मी मागे राहिले म्हणून शिकत राहिले, शिक्षिका झाले, आणि पुढे माझंही लग्न झालं. नवरा भला मिळाला. चष्म्याचा नंबर मोठा होता, पण भला.

म्हणजे हिशोब असा झाला की रंगानं तिला शेत दिलं आणि मला सावली. तिच्या घरात वाटण्या झाल्या, गडीमाणसं कमी झाली, आणि गोरी सून बाया घेऊन रानात जायला लागली. खुरपण, कापसाची वेचणी, उन्हाळ्यात हळद उकडणं. मी तेवढी सगळी वर्षं पंख्याखाली, फळ्यासमोर उभी होते. तिची कातडी आधी लाल व्हायची, मग गालांवर वांग उठले, मग डोळ्यांच्या कडेनं बारीक रेघा पडल्या आणि त्या रेघा मिटेनाशा झाल्या. काळं माणूस म्हातारं होत नाही असं नाही. आमचं म्हातारपण टाचेत, गुडघ्यात आणि डोळ्यांखाली येऊन बसतं. लोक जिथं आधी बघतात तिथं ते उशिरा पोचतं, एवढंच.

केसांचं मात्र उलटं. माझ्या काळ्या केसांत एक पांढरा आला तरी शाळेतल्या पोरींना शेवटच्या बाकावरून दिसायचा. तिच्या भुऱ्या केसांत पांढरे मिसळून जायचे, कुणाला पत्ता लागायचा नाही. मला तिचा हेवा वाटायचा. मग एका उन्हाळ्यात ती माहेरी आली तेव्हा ते सगळे मिळून दिसले. ओसरीत बसून ती केस विंचरत होती आणि मला क्षणभर आईच बसलीय असं वाटलं. तिनं माझा चेहरा बघितला आणि विचारलं, "लय दिसायलेत का गं?"

त्यानंतर ती काळी मेंदी लावायला लागली. भुऱ्या केसांच्या बाईनं एकाएकी डांबरासारखे केस केले की ते बघणाऱ्याला कळतंच, पण ती खूश होती आणि मी तोंड आवरलं. काही महिन्यांनी एके सकाळी भाच्याचा फोन आला. आईचे डोळे उघडत नाहीत. परभणीला आणलं तेव्हा कपाळ, कान, मान सगळं सुजलेलं होतं आणि पापण्यांच्या जागी नुसत्या फटी होत्या. डॉक्टर म्हणाले, ही मेंदी हिला सोसत नाही, पुन्हा लावली तर घसा आतून सुजेल आणि श्वास अडकेल. ते मला म्हणाले, कारण मीच मुलगी आहे असं त्यांना वाटलं होतं. तेव्हा मी कुणाला दुरुस्त करण्याच्या मनःस्थितीत नव्हते.

केस पुन्हा पांढरे झाले. या वेळी सगळेच. ती डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत ओढून घ्यायला लागली आणि म्हणायची, उन्हासाठी घेते. संध्याकाळी सुद्धा घ्यायची.

मग भाच्याचं लग्न ठरलं. मुलगी ताडकळसची, शिकलेली, बोलायला गोड आणि रंगानं माझ्यासारखी. सावळी म्हणतात तशी नाही, चक्क काळी. वालूरच्या घरात कुजबुज झाली. एका जावेनं तोंडावरच विचारलं की एवढ्या गोऱ्या घरात ही कशी काय. बहीण म्हणाली, "पोराला पसंत हाय, मला पसंत हाय. अजून कुणाला पसंत पडायची ऱ्हायली का?" एरवी ती एवढं बोलत नाही. मी मनातल्या मनात तिच्या पाठीवर थाप मारली.

साखरपुडा ताडकळसला होता. आम्ही गाडीतून उतरलो तशी मुलीची मामी पुढे आली, तिनं माझा हात धरला, मला नेऊन पाटावर बसवलं आणि बघता बघता माझी ओटी भरायला घेतली. नारळ, तांदूळ, खण. "विहीणबाई, प्रवासात त्रास न्हाई ना झाला?" असं विचारत होती. मी "अहो, थांबा, मी नाही" म्हणेपर्यंत तिकडे कुणीतरी हाक दिली, "आज्जीला खुर्ची द्या रे, उभ्याच हायत." खुर्ची आली आणि माझी धाकटी बहीण, नवऱ्यामुलाची सख्खी आई, मुकाट्यानं त्या खुर्चीत बसली.

चूक लक्षात आल्यावर जो गोंधळ व्हायचा तो झाला. मामीनं कानाची पाळी धरली, ओटी दुसऱ्यांदा भरली गेली, सगळे हसले. बहीणही हसली. पण मला तिचं हसू माहीत आहे. परतीच्या वाटेवर ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "अक्का, सूनमुखाला तूच बस."

आमच्याकडे लग्न लागल्यावर सूनमुख असतं. सासू नव्या सुनेला शेजारी बसवते, समोर आरसा धरतात, सासू आधी आरशात सुनेचं तोंड बघते आणि मग तिला साखर भरवते. सगळ्या बाया भोवती गोळा होतात, कारण त्या आरशात दोन तोंडं शेजारी शेजारी दिसतात आणि दोन्हींवर बोलता येतं. एकुलत्या एका मुलाचं सूनमुख सोडून द्यायला निघालेली आई मी तोवर पाहिली नव्हती.

"मी का बसू? मी सासू आहे का?" मी म्हणाले.

"तुलाच समजले ना समदे. तू शोभतीस. मी आरशात बसले तर फोटोत आजी आन् नात दिसंल."

मी तिला समजावलं, मग रागावले, मग बोलणं टाकलं. माझा हा क्रम ठरलेला आहे. तिचाही ठरलेला आहे. ती हो म्हणते आणि मनातलं सोडत नाही.

लग्नाच्या आदल्या दिवशी ती परभणीला माझ्या घरी उतरली, कारण कार्यालय आमच्या घराजवळ होतं. दुपारी पिना शोधताना तिच्या पिशवीत माझा हात काळ्या मेंदीच्या पुडीला लागला. मी ती पुडी घेऊन न्हाणीघरात गेले, फाडली आणि मोरीत ओतून वर दोन बादल्या पाणी सोडलं. ती दारात उभी राहून बघत होती.

"तुझं डोकं फिरलंय का?" मी म्हणाले. "पोराच्या लग्नात मरायचंय?"

"तुला काय कळायलंय," ती म्हणाली. "तुझे काळे हायत."

चाळीस वर्षं मी हेच वाक्य उलटं धरून बसले होते. तुला काय कळणार, तू गोरी आहेस. तिला कधी म्हटलं नव्हतं, पण माझ्या मनात ते तयार असायचं. आता तिच्या तोंडून ऐकलं आणि मला तिचं म्हणणं खरंच कळलं. मी ओल्या हातांनी तिला जवळ घेतलं. तिचं डोकं माझ्या खांद्याला लागलं. किती हलकी झाली होती ती. ती बराच वेळ रडली. पण सूनमुखाला बसते असं काही म्हणाली नाही, आणि मीही पुन्हा विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी लग्न वेळेवर लागलं, हे एक आश्चर्यच. जेवणं सुरू झाली. बायांनी पाट मांडले, सुनेला आणून बसवलं आणि आरसा माझ्या हातात दिला. मी तो घेऊन समोर बसले म्हणजे पाटावर मी बसणार नाही हे सगळ्यांना कळेल, एवढाच माझा विचार होता. शेजारचा पाट रिकामा. बहीण मागे खांबापाशी पदर ओढून उभी. "सासू कुठं हाय, सासूला बोलवा," असा गलका सुरू झाला. मी तिच्याकडे बघायचं टाळलं. बघितलं असतं तर मी आरडाओरडा केला असता.

सून मान खाली घालून बसली होती. पार्लरवालीनं तिला एवढं रंगवलं होतं की चेहरा एका बाईचा आणि मान दुसऱ्या बाईची वाटत होती. घामानं पावडर कानापाशी ओघळली होती आणि तिथं तिचा खरा रंग दिसत होता. मामी वाकून तिच्या कानात म्हणाली, पण मला ऐकू आलं, "मान वर नको करू. फोटोत रंग उठून दिसायलाय." पोरीनं हातसुद्धा शालूच्या पदराखाली ओढून घेतले. आरसा तिच्यासमोर होता आणि ती त्यात बघत नव्हती.

माझ्या जिव्हारी लागलं. मी मामीला काहीतरी सुनावणार, तेवढ्यात खांबापाशी हालचाल झाली. बहीण बायांमधून वाट काढत आली आणि रिकाम्या पाटावर बसली. बसताना गुडघ्यावर हात ठेवून "आई गं" म्हणाली. मग तिनं डोक्यावरचा पदर मागे घेतला आणि खांद्यावर सोडला. पांढरे केस, मध्ये भांग, भांगात कुंकू. कुणीतरी श्वास घेतल्याचा आवाज आला. तिनं लक्ष दिलं नाही. तिनं त्याच पदराचं टोक धरलं आणि सुनेच्या गालावरून हळूच फिरवलं. पदराला पांढरं लागलं, गाल काळाभोर, नितळ निघाला.

"वर बघ," ती म्हणाली. "आरशात बघ गं माय. कुणापासून लपवायलीस?"

सुनेनं मान वर केली. दोघी आरशात बघू लागल्या. मला आरशाची पाठ दिसत होती, पण त्या दोघी समोरच होत्या. बहिणीनं तिला नीट न्याहाळलं, बाजार करताना न्याहाळतो तसं नाही, ओळख पटवताना न्याहाळतो तसं.

"तू तर आमच्या अक्कावर गेलीस," ती म्हणाली.

मामीला हसू आलं. "विहीणबाई, ती कशी जाईल तुमच्या अक्कावर?"

"गेलीय," बहीण म्हणाली आणि सुनेच्या तोंडात साखर घातली. "अश्शीच होती आमची अक्का. अजून तशीच हाय."

माझ्या पोटच्या लेकीला ती जन्मली त्या दिवसापासून लोक सांगत आलेत, आईवर नाही गेलीस, नशीब तुझं. तिच्या सासरी, माझ्या सासरी, माझी स्वतःची आईसुद्धा. त्यावर मी हसत आलेय. आणि इथं भर मांडवात माझी धाकटी बहीण परक्या घरातून आलेल्या एका पोरीला, ती माझ्यावर गेली म्हणून सगळ्यांदेखत कौतुकानं सांगत होती, आणि ती पोरगी साखर चघळत माझ्याकडे बघून हसत होती. मला रडू फुटलं. आरसा दोन्ही हातांत होता, त्यामुळे डोळे पुसता आले नाहीत.