हानाची खुर्ची

आमच्या चर्चचं सेवाकेंद्र नाशिक रोडला आहे. परदेशातली काही चर्चेस दरवर्षी तरुण मुलामुलींना आमच्याकडे इंटर्न म्हणून पाठवतात, सामाजिक न्यायाचं काम करायला. त्यांना सांभाळायचं मी! आमचे पाळकसाहेब म्हणतात, "यश अहवालात जातं, बाकीचं सगळं तुझ्या डोक्यात साठतं." खरंय. आता हानाचंच बघा.

*

हाना जर्मनीची, विशीतली, थोडंफार मराठी शिकून आलेली. पहिल्याच दिवशी तिला नाशिकमधल्याच द्वारका चौकाजवळच्या वस्तीत नेलं. तिथल्या महिला गटाच्या प्रमुख शकुबाई. हाना दिसताच त्यांनी शेजारून प्लॅस्टिकची खुर्ची मागवली. "नको, मी सगळ्यांबरोबर खाली," असं म्हणत हाना सतरंजीवर बसली.

तर सगळ्या बायकाच उभ्या राहिल्या! शेवटी मीटिंग सुरू व्हावी म्हणून बिचारी खुर्चीत बसली.

*

एकदा मीटिंगनंतर तिने झाडू हातात घेतला. संध्याकाळी मला शकुबाईंचा फोन. "ताई, पाहुण्या पोरीला झाडायला लावता? तिच्या आईनं बघितलं तर काय म्हनंल?"

"अहो, तिला काम करायचंय."

"मग खुर्चीत बसून करू द्या की!"

*

वस्तीला नळ नाही, टँकर येतो. नळासाठी निवेदन घेऊन आम्ही सरकारी ऑफिसात गेलो. हाना खूश, आज तरी काहीतरी काम! साहेबांनी तिला खुर्ची दिली, चहा मागवला आणि भाच्याला जर्मनीत अ‍ॅडमिशन कशी मिळेल ते विचारत बसले. बायका आपल्या उभ्याच.

शकुबाई पुढे झाल्या. "साहेब, तिच्या घरी नळ हाय. आमचं बोला!"

*

परत येताना हाना रिक्षात रडली. "मी इथे नुसती बसते. नाताळपर्यंत असंच चाललं तर मी घरी जाणार." मला फार वाईट वाटलं. शकुबाईंना मी ते सांगितलंही.

त्या जरा विचारात पडल्या. "जाऊ नको म्हनावं. खुर्ची बदलू. हिचा एक पाय हलतो."

*

मग एकदा शकुबाई दवाखान्यात गेलेल्या असताना टँकर आला. हानाने रांगेत भांडून त्यांचा ड्रम भरला. शकुबाई परतल्या त्या ओरडतच. "झाकन कोन लावनार? सगळा कचरा पडला ना आत!"

हाना मान खाली घालून ऐकत होती. रिक्षात मात्र हसू आवरेना. "आज पहिल्यांदा मला कोणी रागावलं!"

*

नाताळ तोंडावर आला. हानाचं राहायचं की जायचं, ते काही ठरत नव्हतं. तेवढ्यात दुसरा इंटर्न आला, फिलिपिन्सचा पाओलो. त्याला घेऊन आम्ही दोघी वस्तीत गेलो.

शकुबाई दारात मेथी निवडत होत्या. पाओलोला बघून त्यांनी पदर सावरला आणि हानावर खेकसल्या,

"बघत काय उभी राहिलीस? पाव्हना आलाय. खुर्ची आन!"

हाना पळतच सुटली.